दुसऱ्या हेलिकॉप्टरची जागा

केरिन डाउसेटनं पोर्ट ॲडलेडच्या गोदीत बऱ्याच नौकांची गणितं मांडली, पण जीव जडला तो ‘विलंगा’ या विनाशिकेवर. तिची डोलकाठी केरिनची होती. नौकेच्या मधोमध चढत जाणारा पोलादी मनोरा आणि त्याच्या चार अंगांना रडारच्या चार सपाट पाट्या. पाण्याला घासत येणारं क्षेपणास्त्र क्षितिजाआडून वर येईपर्यंत दिसत नाही. रडार जितकं उंच, तितके चार-दोन क्षण हाती जास्त. त्या क्षणांत डेकखालच्या नळ्यांतून आपलं क्षेपणास्त्र सुटायला हवं, नाहीतर दोनशे माणसं गेली. केरिननं पाट्या उंच नेल्या. पण वरचं वजन वाढलं की नौका लाटांत झोकांड्या खाते. तेवढं वजन दुसरीकडून उतरवणं भाग होतं, आणि ते तिनं मागच्या बाजूनं उतरवलं. दोन हेलिकॉप्टरांची खोली एकाची झाली.

क्लेम ट्रेगेन्झा तेव्हा भर बैठकीत उखडला होता. तो नौदलात हेलिकॉप्टर उडवून निवृत्त झालेला, गोदीत सल्लागार म्हणून आलेला.

“अगं गणितबाई, हेलिकॉप्टर म्हणजे दुभती गाय नव्हे, रोज उभी राहायला! दोनांतलं एक कायम दुरुस्तीसाठी सुटं करून ठेवलेलं असतं. एकच नेलंस, तर काही दिवस एकही नसेल.”

“मग दुसऱ्यासाठी किती क्षण सोडू, तेवढं सांग,” केरिन म्हणाली. “आकडा दे, मी लिहून घेते.”

क्लेमकडे आकडा नव्हता. वर्षअखेरीस तो गोदी सोडून गेला. त्याच्या निरोपाला केरिन गेली नाही. काम होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पुढे ‘विलंगा’ समुद्रात गेली आणि सगळ्या परीक्षांत उजवी ठरली. सरावात उडवलेलं प्रत्येक लक्ष्य तिनं वेळेत टिपलं. केरिनचं नाव झालं.

मग एका हिवाळ्यात बातमी आली. ‘विलंगा’ फिजीहून परतत असताना टूना मासे पकडणाऱ्या एका बोटीनं पेट घेतला. पाच जण रबरी तराफ्यावर उतरले. सर्वांत जवळची नौका ‘विलंगा’च होती, पण तिच्या हेलिकॉप्टरची शेपटी दुरुस्तीसाठी उघडलेली. कप्तानानं होती नव्हती तेवढी ताकद लावून नौका पळवली. शेकडो किलोमीटरवरचं विमान दाखवणाऱ्या त्या चार पाट्यांना उसळत्या लाटांतला तराफा काही दिसेना. संध्याकाळी टेहळणीवरच्या खलाशाला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्यावर तिघं होते. सेमिसी आणि अपिसाई या दोघा भावांना दुपारीच लाटेनं ओढून नेलं होतं. चौकशीत निष्कर्ष निघाला: कुणाचीही चूक नाही.

केरिननं ते वाचलं आणि त्याच शनिवारी ती लार्ग्ज बे किनाऱ्याच्या धक्क्यावर गेली. क्लेम तिथे निळे खेकडे धरायला बसतो, हे तिला ठाऊक होतं. तो खूप वाळला होता. तिला पाहूनही त्यानं जाळ्याची दोरी सोडली नाही.

“ये. वाट चुकलीस का?”

“वाचलंस ना?”

“वाचलं.”

“तू सांगितलं होतंस.”

“मी? छे!” क्लेमनं जाळं वर ओढलं. आत एकच खेकडा होता, तोही बारका. त्यानं तो परत पाण्यात टाकला. “मी पाणबुड्यांच्या गोष्टी सांगत होतो. हेलिकॉप्टर लांबवर पाणबुडी हुडकतं, हे आणि ते. बुडणारी माणसं उचलायला दुसरं लागतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. नाही बोललो.”

“का?”

“लढाऊ नौकेच्या बैठकीत कोळ्यांचं काय काढायचं? हसली असतीस तू.”

केरिनला नाही म्हणावंसं वाटलं.

“हसले असते,” ती म्हणाली.

“आणि त्या हसण्याला मी भ्यालो. जन्मभर वादळात उडालो नि एका पोरीच्या हसण्याला भ्यालो. म्हणून माझ्याकडून माफी मागून घेऊ नकोस नि तूही माझी मागू नकोस. दोघांनी मिळून केलं ते.”

“माझी गणितं चुकली असती तर बरं झालं असतं रे.”

“ती बरोबरच आहेत,” क्लेम म्हणाला. “रडार खाली घेतलं असतंस आणि उद्या क्षेपणास्त्र आलं असतं, तर दोनशे जणांसाठी रडत बसली असतीस इथे. बस आता. उभी राहून खेकडे पळवू नकोस.”

ती बसली, पण मन हलकं झालं नाही.

गोदीत नव्या नौकेची आखणी सुरू होती. केरिननं बैठकीत उठून दुसऱ्या हेलिकॉप्टरची जागा मागितली आणि या वेळी त्या दोन भावांची नावं घेऊन मागितली. कुणीही हसलं नाही. आखणीची प्रमुख मारिट, केरिनच्याच हाताखाली शिकलेली, तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“केरिन, मला कळतंय गं,” ती म्हणाली. “पण आता येणारी क्षेपणास्त्रं दुप्पट वेगाची आहेत. डोलकाठी आणखी उंच न्यावी लागणार. वजन कुठून काढू, तूच सांग.”

केरिननं सगळे नकाशे पुन्हा पाहिले. नौका रुंद करावी, तर वेग जातो. लांब करावी, तर ती गोदीत मावत नाही. तिला जागा सापडली नाही. मारिट बरोबर होती.

सोमवारी ती नेहमीसारखी कामावर आली आणि तिनं वाढीव डोलकाठीची वजनं मांडायला घेतली. ते काम तिच्याइतकं चोख करणारं गोदीत दुसरं कुणी नव्हतं. दुपारपर्यंत हिशेब जुळला.