भिंतीलगतची वाट

"चूक सापडली तर आधी मला सांगायचं. मी मरायला टेकलो असलो तरी."

हस्तलिखित हातात ठेवताना सरांनी बजावलं होतं, आणि तिने शब्द दिला होता.

आता ते खरोखरच टेकले होते. सरांच्या पत्नीचा, काकूंचा, दवाखान्यातून फोन आला. "सारखं विचारतायत गं, तपासलंस का म्हणून. बरोबर आहे म्हण आणि मोकळी हो. आता किती दिवसांचे सोबती ते."

"निघतेच, काकू."

सरांनी जन्मभर क्वचित घडणाऱ्या गोष्टींचं गणित केलं. युक्ती देखणी होती. संभाव्यतेचं मापच बदलायचं, म्हणजे क्वचितची गोष्ट नेहमीची होते. ती मोजायची आणि उत्तर मूळ मापात परत आणायचं. अट एवढीच की दोन्ही मापं सममूल्य हवीत. एकाला जे अशक्य, तेच दुसऱ्याला अशक्य. बाकी कमीजास्त कितीही असो. सरांच्या उदाहरणात एक कण चार भिंतींत वाटेल तसा भरकटत होता, आणि त्याची भिंतीला चिकटून जाणारी एक वाट नव्या मापाने साफ पुसली होती, अशक्यच ठरवली होती. मूळ मापात ती होती. अगदी बारीक, पण होती. आणि ती क्वचितची घटना घडलीच, तर त्याच वाटेने घडत होती. पुढचं सगळं पुस्तक या पानावर उभं होतं.

नवरा टेबलाशी शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत होता.

"चूक आहे," ती हळूच म्हणाली.

"भिंतीलगतची वाट ना?" त्याने मान वर केली नाही.

ती बघतच राहिली. विद्यार्थी असताना सरांनी त्याला भर वर्गात फळ्यापाशी उभं केलं होतं. "याला थोडं आणि शून्य यातला फरक कळत नाही. शिकवण्या घे बाबा, पोट भरेल." वर्ग खो खो हसला होता. त्याची शंका काय होती, हे त्या हसण्यात कुणी ऐकलंच नव्हतं. तिनेही.

"इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

तिने ते पान पिशवीत घातलं. "येतोस?"

"पेपर उद्या द्यायचेत."

"तुझं नाव सांगू त्यांना?"

"सांग की. कोण तो, म्हणतील." त्याने एका उत्तरावर लाल काट मारली. "रिक्षाने जा. त्यांना ऐकू येतंय तोवर पोचलीस तर बरं."

तिने चपला पायांत सरकवल्या आणि दार आवाज न होऊ देता ओढून घेतलं.