साखळी अडकते ते गवत

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. तीन कोपरे दाबायला मिठाची बरणी, पाण्याचा पेला आणि बाबांच्या चष्म्याची डबी होती. चौथ्यावर लेकीनं कोपर टेकलं होतं.

ती नियोजन कार्यालयात नकाशे आखायची, रंगवायची. कानावर सदा पेन्सिल, म्हणून तिथं तिचं नाव पेन्सिलबाई. त्याच इमारतीत, दोन मजले खालच्या मोजणी खात्यात, बाबांनी तीस वर्षं काढली, लोखंडी साखळीनं जमीन मोजत. त्यांना अजून सगळे साखळीदादा म्हणत.

"उद्या सुनावणी आहे," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडचा अख्खा माळ कारखान्यांसाठी राखायचाय. कारखान्यांचा जांभळा रंग मीच भरलाय."

"चांगलंय की. पोरांना कामं लागतील."

"लागायलाच हवीत. पण माळच का, ते बघायला खाली दप्तरात गेले होते." तिनं एका पानाची प्रत पुढे सरकवली.

बाबांनी आपलं अक्षर ओळखलं. मुंग्यांच्या रांगेसारखं, सरळ. आकड्यांच्या शेवटी तीनच शब्दांचा शेरा होता, आणि खाली त्यांची सही.

"पडीक. काही नाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मग? माझ्या मापावर तीस वर्षांत कुणी बोट ठेवलेलं नाही."

"माप बरोबरच आहे, बाबा. तारीख बघा."

त्यांनी चष्मा काढायला डबी उचलली, तसा नकाशाचा कोपरा गुंडाळत आला. तारीख ऐन उन्हाळ्यातली होती.

"उन्हाळ्यातच जायचो आम्ही," ते म्हणाले. "गवत उभं असलं की साखळी अडकते, माप वाकडं येतं. सगळेच मोजणीदार तसं करायचे."

"म्हणजे गवत नसेल तेव्हाच जायचं. आणि आल्यावर लिहायचं, काही नाही."

बाबा नकाशावर बोट फिरवत राहिले, जांभळ्या रंगावरून, जणू तो अजून ओला आहे.

"मला शिकवतेस होय गं?"

"नाही. तुम्ही शिकवलंय तेच सांगतेय."

"सकाळी मला तिकडे घेऊन चल," ते म्हणाले आणि पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. नकाशाचा दुसरा कोपराही उठला.

सकाळी माळ कमरेएवढा होता. वारा आला की गवत वाकायचं, वारा गेला की उठायचं. वाकताना रुपेरी, उठताना हिरवं. बाबांना त्यातला एकेक दगड ठाऊक होता, पण गवत नव्हतं. माहेरची वाट पाठ असावी आणि माहेरचं माणूस ओळखू येऊ नये, तसं झालं त्यांना. ते पाऊल टाकणार, तोच पायाशी फडफड झाली. चंडोल उडाला. गवताच्या बुडाशी, ओंजळीएवढ्या खळग्यात, ठिपक्यांची चार अंडी होती.

उचललेलं पाऊल त्यांनी तसंच मागे घेतलं.

"काही नाही म्हणे," ते स्वतःशीच म्हणाले.

लेकीला ठाऊक होतं, सुनावणीत हे तिनं सांगून भागणार नव्हतं. तिच्याकडे नुसतं मत होतं, दप्तरात बाबांची सही होती. आणि त्या सहीखेरीज या माणसानं आयुष्यात दुसरं काही मिरवलं नव्हतं.

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. नियोजन अधिकारी बाईंनी विचारलं, "कुणाची हरकत?"

बाबा उठले. "माझी. माझ्याच शेऱ्यावर."

खोलीत हसू पसरलं. मग त्यांनी साखळीची गोष्ट सांगितली, उन्हाळ्याची सांगितली, चार अंड्यांची सांगितली, आणि हसू विरलं.

कारखान्याचे मालक म्हणाले, "दादा, तुमचं कौतुक आहे. पण मग आम्ही यंत्रं काय तुमच्या अंगणात उभी करायची?"

"अंगण लहान आहे हो माझं," बाबा म्हणाले. "जुन्या दगडखाणीकडे चला. तिथं मी बाराही महिने हिंडलोय. कारण तिथं उगवायला गवतसुद्धा कंटाळतं. खाली सलग कातळ आहे. माळाची माती दोन पुरुष खोल, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिथं पाया घातलात तर भिंती दरवर्षी लिंपत बसाल."

मालकांनी शेजारच्या अभियंत्याकडे पाहिलं. अभियंत्यानं मान डोलावली. "तरी खाणीची जागा कमी पडेल," तो म्हणाला.

"पडेलच. म्हणून रस्त्याकडेची मुरमाड पट्टी घ्या. तिथं गवत विरळ आहे. तेवढं माळानं सोसावं. बाकीच्याला हात लावू नका."

बाईंनी नकाशा जवळ ओढून खाणीवर आणि पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "प्रस्ताव नव्यानं आखा. कारखाने खाणीकडे आणि पट्टीवर, उरलेला माळ राखीव. आणि मूळ वहीत दुरुस्ती हवी. ज्यानं लिहिलं त्याच्याच हातची."

मोजणीवही वर आणली गेली. मोजणीदारांच्या वहीत खोडरबर चालत नाही. चूक एकाच रेघेनं खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाबांनी पेन टेकवलं. लेकीनं कानावरची पेन्सिल आडवी धरली, पट्टीसारखी. तिच्या आधारानं रेघ सरळ आली. 'काही नाही' खाली दिसत राहिलं.

वर त्यांनी लिहिलं: गवत, कमरेएवढं. चंडोलाचं घरटं, एक. बाकी मोजायचं राहिलं.

सही केली आणि वही लेकीकडे सरकवली. "साक्षीदार लागतो."

तिनं खाली सही केली. बाबांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली, मग मालकांकडे वही वळवून म्हणाले, "ही माझी लेक. चूक हिनं काढली."