जुनी तारीख

खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली. कचऱ्यात.

‘पाणी’ हा एक शब्द. तोंडातून निघायला तीन आठवडे.

पडद्यावर पांढरी चौकट : आवश्यक फाइल सापडत नाही.

आणि सासरे म्हणतात, “मी काही केलेलं नाही हं.”

विचारलं कुणी होतं? न विचारता दिलेलं उत्तर म्हणजे कबुली, हे सुनेला या घरात आल्या आल्याच कळलं होतं. सासऱ्यांनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं. तारीख उलटली की फेका, हा त्यांचा धर्म. घरातली मलमं, डिंक, रंगाच्या ट्यूबा, काही सुटलं नव्हतं. शनिवारी ते कॉम्प्युटरकडे वळले. फायली तारखेनं लावल्या आणि जुन्या तेवढ्या उडवल्या. त्यातली एक ब्राउझरची होती.

“बाबा, ती काय गोळी होती मुदत संपायला?”

“सात वर्षं जुनी होती गं.”

“मी नऊ वर्षं जुनी आहे इथे. मलाही टाका!”

ती पक्षाघात झालेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायची, घरूनच, ब्राउझरमधून, पडद्यावरून. आज अकराला बसचालक बसणार होते, ‘पाणी’ म्हणायला तीन आठवडे घेतलेले. त्यांच्या मुलानं बजावलं होतं, आज तोंडातून नवं काही निघालं नाही तर हे शिकणं बंद. फोनवरून तिला चित्रं पडद्यावर लावता येत नसत आणि चित्रांशिवाय बसचालकांचं गाडं हलत नसे.

तिनं कॉम्प्युटर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

“मॅडम, पुन्हा इन्स्टॉल करा.”

“दोनदा केलं. फोनवर उतरवून, केबलनं टाकून.”

“मग तिसऱ्यांदा करा.”

“अहो, जुन्याचे तुकडे आत तसेच पडलेत! नवं येतं, ते बघतं आणि म्हणतं, सगळं आहे की. तुम्हाला वाचून दाखवायला पुढची ओळ दिली नाही का?”

पलीकडून संगीत सुरू झालं. तिनं फोन आदळला.

तिनं पासवर्डांची फाइल वेगळी काढून ठेवली आणि ब्राउझर मुळापासून उपटला. मागे उरलेला फोल्डरही शोधून पुसला. सासऱ्यांचा जीव वरखाली.

“अगं, सगळंच काढतेस? थोडं राहू दे!”

“आता राहू दे?”

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि ब्राउझर नव्यानं टाकला. चौकट आली नाही. अकरा केव्हाच वाजून गेले होते.

बसचालक पडद्यावर आले ते लालबुंद. मुलगा मागे हाताची घडी घालून उभा. तिनं घाईनं कपाचं चित्र पडद्यावर लावलं. त्यांनी ते बघितलंही नाही.

“उ... शीर.”

मुलाची घडी सुटली. हा शब्द त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

“झाला. यांच्यामुळे झाला,” ती म्हणाली आणि दाराआडच्या सासऱ्यांना बाहीला धरून कॅमेऱ्यासमोर ओढलं.

“चुकलं माझं,” सासरे पुटपुटले.

“उशीर!” बसचालक कडाडले, या वेळी शब्द अख्खा.

शनिवारी सासऱ्यांनी “जुनं काढू का?” असं विचारलं होतं, आणि कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली होती, “काढा.”