मला तात्यासाहेबांचे दात हवे होते

मी एक जुनी काड्यांची जुडी आहे. आइस्क्रीमला असतात तशा लाकडी काड्या, रबरानं बांधलेल्या. मित्रांनो, आवडाबाईच्या तोंडात कॅन्सरची गाठ परत आल्याचं कळलं, त्या दिवशी मी तिच्या पिशवीतच होते. डॉक्टरांना तोंडात बघता येईना. शेवटी मशीनवर फोटो काढला, तेव्हा गाठ दिसली. फार उशीर झाला होता.

"तोंड उघडत असतं तर आधीच दिसली असती," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर तिचा नवरा सांडू माझा रबर ओढत बसला.

माझं काम साधं. मला दातांमध्ये धरायचं, जबडा सैल झाला की एक काडी वाढवायची. आवडाबाईचं ऑपरेशन मागच्या दाढेपाशी झालं होतं, वरून किरणांचा शेक. दोन्हींनी जबडा आवळतो, म्हणून व्यायाम रोज हवा. पण सांडूनं मला तिच्या दातांत धरलं की दुखून ती रडायची. मग तिची बहीण कडूबाई मला फळीवर ठेवून द्यायची. "दाजी, जखम तर भरू द्या! बाई हाय का बैल?"

पण जबडा ऑपरेशनच्या आधीच अर्धा आवळला होता. हर्सूलच्या नाक्यावर तात्यासाहेबांची टपरी आहे. तिथली सुपारी आवडाबाई वर्षानुवर्षं गालात धरायची. गाल आतून चामड्यासारखे घट्ट झाले, तिखट झोंबू लागलं, भाकरीचा घास जाईना. तिनं हे सांगितलं, तर तात्यासाहेब हसले. "वहिनी, चघळत राहा. जबडा मोकळा व्हतो." आणि एक पुडी जास्त दिली.

सांडूच्या तोंडून हे ऐकलं, तेव्हापासून मला एकच तोंड हवं होतं.

आवडाबाईचं तेरावं झालं आणि सांडू मला खिशात घालून टपरीवर गेला.

"तात्यासाहेब, ही दातांत धरा."

"खूळ लागलं का रे, सांडू?"

"धरा. तुमच्या वहिनीची आठवण."

त्यांनी हसत आ केला. धडधाकट तोंडात मी अख्खी सहज मावते, इथं मी आत जाईना. सांडूनं एक काडी काढली, मग दुसरी. निम्मी जुडी निघाली, तेव्हा कुठं मी त्या लाल दातांत बसले.

"तुझी जुडीच लई जाड हाय," तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी गालात सुपारी सारली.

मला फार बरं वाटलं. सांडू मला घेऊन घरी आला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मित्रांनो, आपली तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर सुपारी टाका आणि आजच दवाखान्यात जा. हे मी तुम्हाला सांगते आहे.

तात्यासाहेबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.