एका पायाचं गिऱ्हाईक

"आठवडाभरात तुझ्या दुकानात गर्दी करून दाखवतो. हरलास तर अर्धी मिशी!" मोची म्हणाला.

"लागली पैज!" शिंपी हसला. गल्लीच्या टोकाला त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. महिनाअखेरीस दुकानाला कुलूपच लागणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून मोची दुरुस्त केलेल्या जोडातली एकच चप्पल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायला लागला. "दुसरी शिंप्याकडं आहे, वहिनी. घ्या तिथून!"

लोक मोच्याच्या नावानं बोटं मोडत यायचे. पण आलोच आहोत म्हटल्यावर कुणाला फाटका खिसा आठवायचा, कुणाला उसवलेली बाही.

आठवडा सरला. भर गल्लीत खुर्ची मांडून न्हाव्यानं वस्तरा उचलला. सगळे खिदळत होते.

"आटप रे लवकर," शिंपी खेकसला, "दुकानात माणसं खोळंबलीत!"