पंचाहत्तर सेंटिमीटर

आमच्या ओळीत अकरा घरं. आमच्या फेंगशान शहरात अशा ओळी कितीतरी आहेत: पुढे दुकान नाहीतर स्कूटर, वर झोपायच्या खोल्या आणि मागे बोळ. बोळ म्हणजे फक्त नकाशावर. सासऱ्यांच्या पिढीनेच मागे पत्रे टाकून, स्वयंपाकघरं वाढवून तो गिळून टाकला होता. चोरी सगळ्यांनीच केलेली, त्यामुळे चोर कोणीच नव्हतं.

मी, ल्याओ सु-चेन, या ओळीची प्रमुख. पगार नाही, मान थोडा, शिव्या भरपूर. तोंडाची फटकळ म्हणून मला सगळे ओळखतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

शेवटी आमच्याकडेही ड्रेनेजची लाइन यायची ठरली. आमचा मैला तोवर स्वयंपाकघराच्या फरशीखालच्या टाकीत साठायचा. जोराचा पाऊस झाला की टाकी भरून वर यायची आणि आम्ही गुडघ्यापर्यंत बूट घालून भात शिजवायचो. आता ते संपणार होतं. अट एकच: प्रत्येकाने मागचं बांधकाम पंचाहत्तर सेंटिमीटर तोडायचं, म्हणजे बोळातून पाइप जाईल. उतार एक नंबरच्या घराकडे होता. पाइप तिथूनच मोठ्या रस्त्याला लागणार. एक नंबर मोकळं झालं नाही, तर बाकीच्या दहा घरांनी तोडूनही उपयोग नव्हता.

दहा घरांनी कुरकुरत संमतीच्या कागदावर सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के मारले. घोडं अडलं एक नंबरात, कुओ वहिनींकडे.

"बूडच बसकण मारून बसलंय, आता ओळ उठणार कशी?" नऊ नंबरचे पेंग म्हणाले. पेंग निवृत्त बस ड्रायव्हर. चारचौघांत विनोद केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

"तुम्ही गप्प बसा. मी बघते," मी म्हटलं आणि टेप घेऊन गेले.

कुओ वहिनी सत्तरीच्या. नवरा केव्हाच गेलेला. पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायच्या. मागच्या खोलीत त्यांचा मुलगा, आ-बिन. एकोणिसाव्या वर्षी स्कूटरवरून पडला तो उठलाच नाही. बावीस वर्षं त्याच पलंगावर. बोलायचा नाही, पण अंगावर कोमट पाणी पडलं की गुणगुणल्यासारखा आवाज काढायचा. तो आवाज आमच्या सगळ्या स्वयंपाकघरांत ऐकू यायचा. त्यावरून आम्हाला कळायचं, सकाळचे सात वाजले.

मी टेप लावली. खोलीची रुंदी एकशे पासष्ट. पलंग नव्वदचा.

"बघा वहिनी, पंचाहत्तर गेले तरी पलंग बरोब्बर बसतो! देवानेच मोजून दिल्यासारखा."

"पलंग बसतो गं," वहिनी म्हणाल्या. "मी कुठे उभी राहू?"

मी खाली पाहिलं. पलंगाशेजारी तेवढीच पट्टी होती. तिथे फरशीला पाणी जायचं भोक. तिथे उभं राहून त्या त्याला कुशीवर वळवायच्या, धुवायच्या, दिवसातून चार वेळा.

"पुढच्या खोलीत हलवा ना."

"पुढे पाणी कुठे जाईल? देवघरात? आणि वर न्यायला मला चार माणसं लागतील. सु-चेन, तूच सांग, मी काय करू?"

मी म्हटलं, विचारते ऑफिसात.

विचारलंही. हे मला सांगितलंच पाहिजे. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं की घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर सवलतीचा अर्ज करता येतो. तेवढ्या घरापुरता पाइप एका कडेने घेतात, चाळीस सेंटिमीटर तोडून भागतं. मात्र मंजुरीला सात-आठ महिने लागतात आणि तोवर सगळी ओळ थांबते. कदाचित पुढच्या वर्षावर जाते. त्याने अर्जाचा कागद दिला. मी तो पिशवीत ठेवला.

घरी आले तर स्वयंपाकघरात टाकी वर आलेली. सून नाकाला फडकं लावून फरशी घासत होती आणि रडत होती. मी तो कागद कपाटात ठेवला. वहिनींना म्हटलं, "विचारलं. काही होत नाही."

मग ऑगस्ट आला. एकामागून एक वादळं. चार नंबरातलं बाळ जुलाबाने दवाखान्यात गेलं. लोक वहिनींकडे कपडे शिवायला टाकेनासे झाले. समोर दिसल्या तर मान वळवू लागले. आमच्या चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, भटक्या भुतांना जेवण घालायच्या दिवशी, ओळीत सगळ्यांनी रस्त्यावर टेबलं मांडली. कोंबडी, फळं, उदबत्त्या. वहिनींच्या टेबलाशेजारी कोणीच टेबल लावलं नाही. भुतांना बोलावून जेवायला घालणारे आम्ही, आणि जित्या बाईच्या पंगतीला बसेना कोणी.

मी तरी जायला हवं होतं. मी गेले, पण दुसऱ्याच गोष्टीसाठी.

"वहिनी, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या एका मुलापायी चाळीस माणसं घाणीत बसलीत. त्या चार नंबरच्या बाळाला काही झालं असतं म्हणजे?"

वहिनी भुतांना पोचवायच्या खोट्या कागदी नोटांच्या चळती जाळत होत्या. एकेक नोट विस्तवात टाकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात शिक्का घेऊन उभ्या होत्या.

"त्याची कुठेतरी सोय बघशील?"

मी बघितली. चिशानच्या बाजूला, डोंगरात, अपंगांचं केंद्र. बसने दोन तास. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे," मी म्हटलं, "नंतर काहीतरी जमवू." काय जमवणार होते, देव जाणे. रुग्णवाहिका आली तेव्हा पेंगसुद्धा स्ट्रेचर धरायला आले, विनोद न करता. आ-बिनने बावीस वर्षांत आकाश पाहिलं नव्हतं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

भिंती पडल्या. पाइप गेले. आमच्या टाक्या रिकाम्या करून वाळूने भरल्या. सून नव्या फरशीवर अनवाणी चालायला लागली.

वहिनी एक दिवसाआड चिशानला जायच्या. एकदा म्हणाल्या, "तिथे त्याला आडवा ठेवून फवाऱ्याने धुतात. चांगल्या आहेत मुली. पण तो आवाज काढत नाही गं."

त्रेपन्नाव्या दिवशी आ-बिन गेला. छातीत कफ झाला म्हणाले. अंत्यविधीला सगळी ओळ आली. दुखवट्याचे पैसे घातलेल्या पांढऱ्या पाकिटांचा ढीग पडला. मेल्यावर आम्ही फार चांगले वागतो.

महिन्याभराने ऑफिसातून तपासणीला एक तरुण मुलगी आली. नवीन होती, चुणचुणीत. एकेका घरात पाणी सोडून ते पाइपात जातंय का बघत होती आणि दारावर नंबराची छोटी पट्टी चिकटवत होती. आम्ही सगळे कौतुकाने मागे मागे. एक नंबरात शेवटी पोचलो. मागच्या खोलीत पलंग तसाच होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिला आत शिरायला जागाच नव्हती. तिने पलंगाचे कठडे पाहिले, दोन्ही बाजूंचे पट्टे पाहिले.

"मावशी, घरात पेशंट होता?"

"हो. मुलगा."

"अय्या, मग तुम्ही सवलतीचा अर्ज का नाही केलात? एवढं तोडायची गरजच नव्हती! तुमच्या प्रमुखांना कागद दिलेला असतो ना आम्ही."

पेंगनी माझ्याकडे पाहिलं. सुनेनेही. मी तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघेना.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं, हे मला कळलं. मग त्या मुलीकडे वळल्या.

"दिला होता की. सु-चेनने आणून दिला होता, दोनदा समजावलंसुद्धा. मीच नको म्हटलं. मीही थकले होते."

"अच्छा," मुलगी म्हणाली आणि पट्टी चिकटवायला लागली.

पेंगनी सुस्कारा सोडला. लोक पांगले. मी तिथेच उभी होते. "वहिनी," एवढंच म्हटलं.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "सून जेवायची थांबली असेल."

त्यांनी दार लावलं. तेव्हापासून तीन वर्षं झाली. ओळीतले लोक आता सांगतात की कुओ वहिनींनी शेवटी स्वतःच मुलाला पाठवलं, आईपण थकतं हो. त्यांच्यासमोरही सांगतात. त्या ऐकून घेतात. आणि मी शेजारी बसलेली असते.