एकच मूल

क्लिपमध्ये अडकलेलं तर्जनीचं टोक पांढरं पडत चाललं होतं. झाउरे केव्हापासून त्याच्याकडेच बघत होती, कारण दुसरीकडे बघायचं म्हणजे मान हलणार, मान हलली की छातीभोवतीचा पट्टा हलणार, आणि मग समोरच्या संगणकावर ती हललेली दिसणार... हलणारी बाई बँकेला चालत नसेल.

"सैल बसा," येरमुरात आगाय म्हणाले. पोलिसातून निवृत्त झालेला हा माणूस आता बँकेसाठी उमेदवारांचं खरं-खोटं तपासत असे. "मघाशी वाचून दाखवले तेच प्रश्न. हो किंवा नाही, बस्स. भाषण नको."

गणिताचा पेपर झाला होता, तीनशे प्रश्नांची ती स्वभावाची वही झाली होती ('मला कधीच राग येत नाही' – येत नाही कसा!), मुलाखती तीन झाल्या, राहिलं होतं ते हे खोटं पकडणारं यंत्र. नोकरी मिळाली तर अल्माटीत राहायचं. नाही मिळाली तर ऑगस्टअखेर गावी, सासूच्या अंगणात परत, असं सेरिकबोलने, म्हणजे नवऱ्याने, ठरवूनच टाकलं होतं. सासू फोनवर हसली होती, "बँकेत? तू? पाहुण्याला काठोकाठ चहा ओतून वाटेला लावणारी सून!" काठोकाठ पेला म्हणजे पाहुण्याला 'आता निघा' सांगणं, अशी तिकडची रीत; अकरा वर्षांपूर्वीचा तो एक पेला म्हातारी विसरायला तयार नव्हती.

"आज गुरुवार आहे?"

"हो."

"कामावरून कधी काही चोरून नेलंय?"

"नाही."

"तुम्हाला एकच मूल आहे?"

"हो."

आगायांनी कागदावर खूण केली. चोरीवर नाही, मुलावर. तिला नीट दिसलं.

पण का? अर्जात तेच तर लिहिलंय, दियास, वय सहा. सगळेच तसं म्हणतात. पहिलं मूल सासू-सासऱ्यांचं, हे आईनेही लग्नाआधी सांगून ठेवलं होतं आणि तेव्हा ऐकायला ते किती सोपं वाटलं होतं... चाळीस दिवसांची मेरुएर्त सासूने उचलून उराशी धरली, "ही आता माझी" म्हणाली, वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद दिले, मटण शिजलं, आणि झाउरे आत जाऊन दुधाने भिजलेले कपडे बदलून आली नि पाहुण्यांना चहा ओतायला बसली – तोच तो काठोकाठ पेला. कागदोपत्रीही मुलगी सासूचीच. सासूला ती आई म्हणते, बापाला दादा, आणि हिला... "वहिनी, शहरातून मला काय आणलंस?" वर्षातून दोनदा जायचं, तेवढं निभतं. पण रोज, अंगणात, सकाळपासून ती हाक? त्या हाकेपासून लांब राहायला तर ही नोकरी हवी होती.

दुसऱ्या फेरीत प्रश्न उलटसुलट आले. "एकच मूल?" "हो." कानशिलं तापली. पुन्हा खूण.

आगायांनी पेन खाली ठेवलं. "अहो, हा तर सोपा प्रश्न. यंत्र जुळवायला विचारतो मी." मग आवाज उतरवून म्हणाले, "कुणी आजीकडे वाढतंय का?"

तिने नजर पुन्हा बोटाच्या पांढऱ्या टोकावर नेली.

"मीही आजीचाच," ते म्हणाले. "असो. अर्जाबाहेरचं उत्तर आलं तर मला वर कळवावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. शेवटची फेरी."

हो म्हटलं तर यंत्र बोट दाखवणार, नाही म्हटलं तर अर्ज खोटा. आणि सासूला कळलं तर? अकरा वर्षं पोटाशी धरलेलं तिचं लेकरू सुनेने एका शब्दात काढून घेतलं, तेही एका परक्या माणसासमोर...

"तुम्हाला एकच मूल आहे?"

'हो'साठीच तिने तोंड उघडलं होतं.

"नाही."

आगायांनी वर पाहिलं नाही. पुढचा प्रश्न आला, तिने उत्तरही दिलं, काय दिलं कोण जाणे. नोकरी गेली असेल... नसेलही. पट्ट्याखालचा श्वास संथ झाला होता आणि भीती मात्र गेली नव्हती, फक्त ती आता बँकेची राहिली नव्हती. मला दोन मुलं आहेत. हे मी मोठ्याने बोलले, आणि आता गावी गेले काय, न गेले काय, ती पोर पुन्हा 'वहिनी' म्हणेल तेव्हा ओ देताना माझ्या तोंडून काय निघेल, याचा मला भरवसा उरलेला नाही.